एकतिसाव्या मागणीचं डोहाळजेवण

आमच्या संघटनेचं मागणीपत्र गेली कित्येक वर्षं मीच टाइप करते, आणि दर वर्षी ते टाइप करताना माझं डोकं फिरतं. अधिवेशन जवळ आलं की अध्यक्षांचा फोन येतो, "बाई, मागणीपत्र काढा." काढा म्हणजे काय, तर गेल्या वर्षीची फाइल उघडा, वरची तारीख बदला आणि प्रिंट मारा. मग ते पत्र मंत्र्यांना, आमदारांना, ज्याला मिळेल त्याला द्यायचं, देतानाचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. फोटोखाली पन्नास जण अंगठे दाखवतात. झाली चळवळ.

मी नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. कुठल्या ते सांगत नाही, मला अजून चार वर्षं काढायचीत. संघटनेत मी महिला संघटक. हे पद मला मिळालं ते एका सभेत बायकांच्या संडासाला आतून कडी नाही यावरून मी इतकी भांडले म्हणून. शेवटी अध्यक्ष वैतागून म्हणाले, "यांना एखादं पद देऊन टाका रे." पद आधी मिळालं, कडी नंतर बसली.

तर मागणीपत्र. त्यातल्या मागण्या कायद्यात, नियमांत बदल करून घेण्याच्या. पहिली पेन्शनची. तिची मी चेष्टा करणार नाही, तिच्यासाठी आम्ही सगळे उन्हात बसलोय, घसे बसवून घेतलेत. पण चौथी मागणी सायकल भत्त्याच्या नियमात सुधारणा करण्याची आहे. आमच्या कार्यालयात सायकलवर येणारा शेवटचा माणूस मी नोकरीला लागले त्याच वर्षी निवृत्त झाला. तरी ती मागणी चौथीच. कारण आमच्याकडे मागण्यांनाही ज्येष्ठता आहे. जी आधी आली ती वर, जी नंतर आली ती खाली, आणि मान्य झाली तरी काढायची नाही, न जाणो सरकारने परत घेतली तर. आयुष्यभर ज्येष्ठता यादीत आपला नंबर शोधणारी माणसं आम्ही, आमच्या मागण्यांना दुसरं काय सुचणार?

माझ्या शेजारचं टेबल एका मुलीचं होतं. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. ती पिंपळगावहून रोज एसटीने यायची, आणि मी घरून चालत येऊनही तिच्यानंतर पोचायची. कार्यालयातलं जे काही कॉम्प्युटरवर चालायचं ते तिच्या हातून चालायचं. माझा पासवर्डसुद्धा मला नाही, तिला पाठ होता. बोलायची मात्र इतकं हळू, की साहेबांनी काही विचारलं तर ती सांगायची मला आणि मी ओरडून सांगायची साहेबांना.

कंत्राटी माणसाला आमच्याकडे अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते. ती संपली की एक दिवस घरी बसायचं. त्याला खंड म्हणतात. दुसऱ्या दिवशी समक्ष येऊन हजर अहवालावर सही केली की नवी ऑर्डर हातात. त्या एका दिवसामुळे माणूस कागदावर कायम नवाच राहतो. ही मुलगी सहा वर्षं दर वर्षी नव्याने नोकरीला लागत होती. आणि खंडानंतरच्या त्या दिवशी जो हजर नाही, त्याची जागा गेली.

डिसेंबरात एके दिवशी मला स्टेपलर हवा होता. ती साहेबांच्या केबिनमध्ये होती, म्हणून मी तिचा ड्रॉवर उघडला. आत एक डबा, आणि डब्यात हिरवीगार कच्ची द्राक्षं, मीठ लावलेली. घरच्या बागेतली, अजून साखर न भरलेली. मी एक तोंडात टाकलं आणि माझा डावा डोळा आपोआप मिटला. दोन बाळंतपणं काढलेल्या बाईला आणखी काय सांगायला लागतं? थंडीचं कारण सांगून ही पोरगी दिवसभर ढगळ स्वेटर का घालून बसते, तेही कळलं.

ती परत आली, माझं तोंड हलताना पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

"कितवा?" मी विचारलं.

"सहावा संपत आला." आणि लगेच, "मॅडम, कुणाला सांगू नका."

का सांगायचं नाही, ते तिने हळूहळू सांगितलं. बाळ मार्चच्या मध्यावर येणार होतं. तिची ऑर्डर मार्चअखेर संपत होती. ऑर्डर संपली की तिच्याबरोबर बाळंतपणाची रजाही संपणार, आणि खंडानंतर समक्ष हजर होऊन कामाला बसलं नाही तर जागा दुसऱ्याला. आदल्या वर्षी एका मुलीचं हेच झालं होतं. सिझेरियन झालं, ती येऊ शकली नाही, आणि तिच्या खुर्चीवर चौथ्या दिवशी दुसरी मुलगी बसली. जिची जागा गेली ती आता पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं खोक्यांत भरते. तिलाही सगळ्यांचे पासवर्ड पाठ होते.

"पण मी येईन मॅडम," ती म्हणाली. "पंधरा दिवसांचं बाळ आईकडे ठेवीन अन् येईन. आतापासून कळलं तर साहेब मार्चच्या आधीच दुसरं कुणी बघून ठेवतील."

पंधरा दिवसांची बाळंतीण, पिंपळगावहून एसटीने, उभ्याने. मला इतका राग आला की मी उरलेली द्राक्षं खाऊन टाकली. त्याबद्दल तिने मला अजून माफ केलेलं नाही.

मी तिला म्हटलं, सांगत नाही, पण तुझी मागणी संघटनेत घालते. नाव न घेता. त्याच आठवड्यात सभा होती, आमच्या संघटनेच्या खोलीत, म्हणजे कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. अध्यक्ष पंचवटीतले, पुरोहितांच्या घरातले. त्यांचे थोरले भाऊ गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी करतात, आणि हे तेवढ्याच निष्ठेने संघटनेचे विधी करतात. आधी मागील सभेचं इतिवृत्त, मग श्रद्धांजली, मग चहा, मग विषय. विषयाला हात लागेपर्यंत निम्मे लोक उठून गेलेले असतात.

मी उभी राहिले. म्हटलं, "कंत्राटी महिलेची प्रसूती रजा ऑर्डरच्या खंडामुळे तुटू नये, असा नियम विधिमंडळाने करावा. ही मागणी घ्या."

कुणीतरी म्हणालं, कंत्राटी बायका सभासद नाहीत. मी म्हटलं, गेल्या वर्षी त्यांना सहयोगी सभासद केलंय, ठराव मीच टाइप केलाय, हवा तर आणून दाखवते. तो माणूस बसला. अध्यक्षांनी टाळ्यांच्या गजरात मागणी मंजूर केली. एवढं सुरळीत कधी होत नाही, म्हणून मी सावध झाले.

"कितवी घालताय?" मी विचारलं.

"एकतिसावी. तीस आहेत ना आधीच्या."

"पहिली घाला. निदान दुसरी."

मग कोपऱ्यातून सल्लागार काकांचा आवाज आला. काका निवृत्त होऊन जमाना झाला, पण एकही सभा चुकवत नाहीत. सायकल भत्त्याची मागणी तरुणपणी त्यांनीच घातलेली. "म्हणजे तीस मागण्यांना डावलून थेट पदोन्नती? असा पायंडा पडला तर उद्या कुणीही उठेल."

"काका," मी म्हटलं, "तुमची सायकल गंजली, तिचा भंगारवालाही रिटायर झाला. हिचं बाळ मार्चमध्ये येतंय."

सगळे हसले. काका मात्र दुखावले. "प्रश्न सायकलचा नाही बाई, तत्त्वाचा आहे." तत्त्व म्हटलं की आमच्या सभेत सगळे माना डोलावतात. मी "विशेष बाब म्हणून" असं म्हणून पाहिलं, मतदान मागितलं, आणि पाच विरुद्ध एकोणीस अशी सणकून आपटले. त्यात "हिचं बाळ मार्चमध्ये येतंय" असं मी रागाच्या भरात बोलून बसले होते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या सासूबाई उगीच म्हणत नव्हत्या. कोण ती, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या कार्यालयाला कळलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याशी बोलली नाही. मीही गप्प राहिले, मला ते जमतं असं कुणाला वाटत नाही, पण राहिले. दुपारी तिने आपला डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, "आता काय करायचं ते तुम्हीच करा." तिच्या डब्यात त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. मी भाकरी मोडली आणि कबूल केलं की आता मलाच निस्तरायचंय.

जानेवारीच्या सुरुवातीला विधिमंडळाची एक समिती आमच्या कार्यालयाला भेट द्यायला येणार असं पत्र आलं. समिती येते म्हणजे काय होतं ते सरकारी माणसालाच विचारा. ज्या भिंतीला दहा वर्षं रंग नाही तिला एका रात्रीत रंग. नर्सरीतून कुंड्या भाड्याने. साहेबांच्या खुर्चीवर नवा पांढरा टॉवेल. संघटनेला शेवटी पाच मिनिटं मिळणार होती. त्या पाच मिनिटांत काय होणार हे मला पाठ होतं. गुच्छ, शाल, फोटो, आणि अध्यक्ष पहिल्या तीन मागण्या वाचणार. एकतिसाव्या मागणीपर्यंत पोचायला समितीला नाशकात मुक्काम करावा लागला असता.

आता आमच्या कार्यालयातली एक जुनी रीत सांगते. आमच्याकडे कुणी बाई गरोदर राहिली की सातव्या महिन्यात मधल्या सुट्टीत तिचं डोहाळजेवण करायचं, अभिलेख कक्षात. म्हणजे जुन्या फाइलींच्या गठ्ठ्यांच्या खोलीत. तिथेच का, तर तिथे साहेब लोक कधी येत नाहीत. लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या मधोमध खुर्ची सजवायची, ओटी भरायची, गाणी म्हणायची. माझंही तिथेच झालंय. मात्र कंत्राटी मुलीचं डोहाळजेवण कधी झालं नव्हतं. त्या पोट लपवत आलेल्या, त्यांना कोण मिरवणार?

हे मला परिचर मावशींनी लक्षात आणून दिलं. मावशी वणीकडच्या, चहा देता देता सहज म्हणाल्या, "आता समद्यांना ठावं झालंच हाय, तं पोरीचं डोहाळजेवण करायचं का नाय?"

मी हातातला कप खाली ठेवला. "मावशी, करायचं. समितीच्या दिवशीच करायचं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. "लय भारी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलावर चहा न देताच निघाल्या, बायकांना सांगायला.

मोर्चाला परवानगी लागते, धरण्याला लागते, घोषणा द्यायला लागते. मधल्या सुट्टीत डोहाळजेवण करायला कुणाची परवानगी लागते? मी नियम पुन्हा पुन्हा वाचले, कुठेच नव्हतं. आमच्या ड्रायव्हर दादांची मखमलाबादकडे फुलांची शेती. ते म्हणाले, शेवंतीचे दागिने घरून करून आणतो. हिशेब शाखेतल्या बायकांनी साडी ठरवली, हिरवी. मुलीला मी एक वाक्य लिहून दिलं आणि पाठ करायला लावलं. समितीत दोन बायका होत्या. त्या आल्या आणि त्यांनी रीतीप्रमाणे "काय डोहाळे लागलेत" असं विचारलं, की तिने म्हणायचं होतं, "मला प्रसूती रजेच्या संरक्षणाचे डोहाळे लागले आहेत." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

"मला नाही बोलता यायचं मॅडम," ती म्हणाली.

"पाठ कर. बाकी मी आहे."

त्या दिवशी सकाळी साहेबांनी अभिलेख कक्षात फुलांच्या टोपल्या जाताना पाहिल्या आणि मला बोलावलं. आमचे साहेब वाईट नाहीत, भित्रे आहेत. "आज? अहो, आज समिती आहे. उद्या करा, परवा करा, मी स्वतः पेढे देतो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात अध्यक्ष आत आले. नव्या सफारीत, कपाळाला गंध. मला वाटलं, झालं, आता हे ज्येष्ठतेवर बोलणार. तर हे साहेबांना म्हणतात कसे, "साहेब, मी पाहिलंय. सातव्या महिन्यातला मुहूर्त आजचाच आहे, तोही दुपारचाच. नंतर थेट आठवा लागतो. आठव्यात करत नाहीत. पोटातल्या जीवाचा प्रश्न आहे, तुम्ही जबाबदारी घेता का?"

साहेबांनी आयुष्यात कधी कसलीच जबाबदारी घेतलेली नाही. ते म्हणाले, "बरं, पण आवाज करू नका."

बाहेर आल्यावर मी अध्यक्षांना विचारलं, "खरंच आजचा मुहूर्त आहे?"

"बाई, पंचांगात बघायला गेलं की सापडतोच." आणि जरा थांबून म्हणाले, "माझी सून पण कंत्राटी आहे. दुसऱ्या खात्यात." इतक्या वर्षांत या माणसावर मी पहिल्यांदाच मनापासून खूश झाले.

समिती यायची होती दोनला. आली दीडला. आम्ही खोलीत बसलो होतो, मुलगी हिरव्या साडीत, शेवंतीचा मुकुट, शेवंतीचे बाजूबंद, मागे जुन्या फाइलींचे गठ्ठे छताला टेकलेले. इतकी सुंदर दिसत होती की मी तिला नीट पाहू शकत नव्हते. मावशींनी गाणं धरलं होतं. जुन्या चालीत त्यांनी स्वतःच्या ओळी घातल्या होत्या, पहिल्या महिन्यात हिला चिंच हवी, दुसऱ्या महिन्यात हिला द्राक्षं हवी, असं करत करत सातव्या महिन्यात हिला ऑर्डर हवी. साहेबांनी आवाज करू नका म्हटलं होतं. आम्ही चाळीस बायका होतो.

समितीतल्या दोघी आमदार आवाजाच्या मागाने आल्याच. त्यातली वयाने मोठी दारातच थांबली, खोली पाहिली, खुर्ची पाहिली, आणि चपला काढून आत आली. ओटीची थाळी समोर आली की बाई नाही म्हणत नाही, मग ती आमदार असो की कोण. तिने नारळ घेतला, तांदूळ घेतले, दोन्ही हातांनी मुलीची ओटी भरली, हळदीकुंकू लावलं. मागे साहेब घाम पुसत उभे. त्यांच्या मागे समितीचे अध्यक्ष आणि बाकीचे आमदार, दारात अडकलेले, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"काय गं, कसले डोहाळे लागलेत?" आमदार बाईंनी विचारलं.

मुलीने तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे पाहिलं. माझं सुंदर वाक्य पार विसरली होती, ते मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी ओठ हलवून "प्रसूती" म्हटलं. तिने मान खाली घातली, आणि मग एकदम वर केली.

"मॅडम, मला काही नको," ती म्हणाली. "मला फक्त बाळ झाल्यावर परत यायचंय. माझ्याच टेबलावर."

आमदार बाईंना कळेना. मग मावशी मागून बोलल्या, "बाई, मागल्या साली एका पोरीचं असंच झालं. पोर पाळण्यात आन् नोकरी गेली. मार्चअखेर ऑर्डर सरती, आन् दुसऱ्या दिशी ती नाय आली तं जागा दुसऱ्याला." मावशींनी एवढं तीन वाक्यांत सांगितलं. मी मागणीपत्रात त्यालाच अर्धं पान घेतलं होतं.

आमदार बाई साहेबांकडे वळल्या. "असा नियम आहे?"

साहेब म्हणाले, "नियम नाही मॅडम. प्रथा आहे."

"कुणाची प्रथा?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं माझ्या शेजारी बसून त्या मुलीने मला एकदाही विचारलं नव्हतं आणि मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं, की हा खंड कुठल्या कागदावर लिहिलाय. सगळे गृहीत धरून चाललो होतो. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, हे इथे सांगायलाच हवं.

आणि तेवढ्यात दारातून समितीच्या अध्यक्षांचा आवाज आला. "ही बघा की, इथे आहे ती मागणी. एकतिसावी." त्यांच्या हातात आमचं मागणीपत्र होतं. दारात ताटकळत उभे असताना कुणीतरी त्यांच्या हातात दिलेलं. त्यांनी सह्या कुणाच्या आहेत ते बघायला सरळ शेवटचं पान उघडलं होतं, आणि सह्यांच्या बरोब्बर वर एकतिसावी मागणी होती. म्हणजे सगळे आमदार मागणीपत्राचं शेवटचं पानच आधी बघतात. आमची पहिली मागणी इतकी वर्षं कुणी का वाचली नाही, ते कळलं.

पुढे जे झालं ते असं. सगळ्या कंत्राटी बायकांसाठी नियम करावा, हे समिती आपल्या अहवालात लिहील असं त्यांनी सांगितलं. आणि या मुलीपुरतं साहेबांनी काय ते बघावं, असंही आमदार बाई जाता जाता बोलल्या, पेढा तोंडात असताना. दोन झाकलेल्या वाट्यांपैकी मुलीने पेढ्याची उघडली होती. सगळ्या बायका "मुलगा, मुलगा" करत होत्या. सल्लागार काका बाहेर व्हरांड्यात प्रत्येकाला अडवून सांगत होते, "मी म्हटलं नव्हतं, शेवटचीच ठेवा म्हणून? अनुभव लागतो."

त्या संध्याकाळी मी घरी जाताना रस्त्याने गाणं गुणगुणत होते. भाजीवाल्याने विचारलं, "काय ताई, बढती मिळाली का?" मी म्हटलं, मिळाली.

पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. बाळ काही थांबणार नव्हतं. मुलीची फाइल जानेवारीत निघाली आणि टेबलाटेबलावर मुक्काम करू लागली. एकाने लिहिलं, "मार्गदर्शन मागवावे." दुसऱ्याने लिहिलं, "पूर्वोदाहरण आहे का ते पाहावे." मी रोज सकाळी त्या फाइलच्या मागे निघायची, जिथे असेल तिथे समोर खुर्ची टाकून बसायची आणि पेपर वाचायची. काही बोलायची नाही. माझं न बोलणं लोकांना सहन होत नाही असं दिसतं, कारण फाइल दोन-तीन दिवसांत पुढे सरकायची. फेब्रुवारी संपला. गोड द्राक्षांच्या पेट्या कार्यालयात येऊ लागल्या. मुलगी रजेवर गेली, जाताना तिने तिच्या टेबलावरची सगळी कामं एका वहीत लिहून माझ्याकडे दिली, पासवर्डांसकट. मी ती वही उघडलीही नाही. उघडली असती तर ती परत येणार नाही असं झालं असतं, असं मला उगीच वाटत होतं.

शेवटी फाइल साहेबांच्या टेबलावर आली आणि तिथे बसली. बाळ झाल्याचा फोन आला, तरी बसलेली. मुलगी झाली होती. मावशींनी पेढा-बर्फीच्या शास्त्राला जोरदार शिव्या दिल्या आणि बर्फी वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी साहेबांनी मला बोलावलं. फाइल उघडी होती. "मार्गदर्शन काही येत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही शोधलंत, मीही शोधलं. खंड द्यावा असं कुठेच लिहिलेलं नाही. मग न देण्याला कुणाचं मार्गदर्शन कशाला हवं?" आणि त्यांनी माझ्यादेखत सही केली. मी त्यांना म्हटलं, "साहेब, जेवून घ्या आता." दुसरं काय म्हणणार? मला रडू येत होतं आणि त्यांना ते दिसू द्यायचं नव्हतं.

ऑर्डर मीच टाइप केली. आयुष्यात हजारो ऑर्डरी टाइप केल्या असतील, पण "कोणताही खंड न देता" हे शब्द मी पहिल्यांदा टाइप केले. प्रसूती रजा सलग, त्यानंतर आपल्या मूळ टेबलावर रुजू. मूळ टेबल असा शब्द ऑर्डरमध्ये नसतो. मी घातला. साहेबांनी पाहिला आणि तसाच राहू दिला.

ऑर्डर पिशवीत घालून मी तडक रिक्षाने दवाखान्यात गेले. सरकारी दवाखान्याचा बाळंतिणींचा वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, डिंकाचा आणि बाळांच्या पावडरीचा वास. आमची मुलगी खिडकीशेजारी बाळाला पाजत बसली होती. बाळ काळंभोर केसांचं, भुकेने रागावलेलं. मी ऑर्डर तिच्या समोर धरली. तिने एका हाताने बाळ सांभाळलं आणि दुसऱ्या हाताने कागद घेतला. पहिल्यांदा भरभर वाचला. मग ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचला. नंतर माझ्याकडे देऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही मोठ्याने वाचा."

मी वाचला. सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असाच वाचला. आवाज माझा आहेच तसा.

शेजारच्या खाटेवर एक बारीकशी बाई होती, तिचं बाळ दोन दिवसांचं. ती ऐकत होती. मी वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, हे काय असतं? मी पण कंत्राटी आहे, सिन्नरला. आमच्या साहेबांनी सांगितलंय, पहिल्या तारखेला हजर राहायचं, नाहीतर जागा गेली."

मी तिला उत्तर द्यायला वळले. रजेचं सांगायचं होतं, समितीचं, अहवालाचं, नियम अजून व्हायचाय पण होईल, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. पण माझ्या आधी आमची मुलगी बोलली. सहा वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. बाळसुद्धा दचकून दूध प्यायचं थांबलं.

"नाही गेली," ती म्हणाली. "तो नियम नाही, प्रथा आहे. आधी सांग, तुझी ऑर्डर कधी संपते?"